मदत हवी आहे: एमटीएच१ बंद केलं की कॅन्सर पेशी मरतात का नाही मरत?

नमस्कार मंडळी, बायोकेमिस्ट्री किंवा कॅन्सर बायोलॉजीवालं कोणी असेल तर प्लीज मदत करा. जर्नल क्लबला एमटीएच१ हे एन्झाइम घेतलंय आणि जेवढे पेपर वाचतेय तेवढा गोंधळ वाढतोय.

मला कळलंय ते असं. डीएनएत बसायच्या आधी जे सुटे न्यूक्लिओटाइड (डीएनएचा कच्चा माल) पेशीत फिरत असतात त्यांचंही ऑक्सिडेशन होतं, त्यातल्या डीजीटीपीचं (डीएनएतल्या जी अक्षराचा सुटा घटक) ८-ऑक्सो-डीजीटीपी होतं, आणि पॉलिमरेज (डीएनए बनवणारं एन्झाइम) फसलं की ते सी अक्षर सोडून ए समोर जाऊन बसतं, म्हणजे म्युटेशन. एमटीएच१ त्याचं पायरोफॉस्फेट तोडून मोनोफॉस्फेट करून टाकतं, मग पॉलिमरेजला ते वापरताच येत नाही. इथपर्यंत ठीक.

२०१४ ला नेचरमध्ये एकदम दोन पेपर आले, एक थॉमस हेलेडेंच्या ग्रुपचा टीएच५८८ वाला आणि दुसरा एस-क्रिझोटिनिबवाला (औषध म्हणून वापरतात ते आर रूप, हे त्याचं आरशातलं भावंड); दोन्ही एमटीएच१ चे इनहिबिटर, म्हणजे त्याला बंद पाडणारी रसायनं. म्हणणं असं की कॅन्सर पेशींत आरओएस (ऑक्सिडेशन करणारे ऑक्सिजनचे रेणू) जास्त म्हणून त्या एमटीएच१ वर तगून असतात, नॉर्मल पेशींचं त्याच्यावाचून अडत नाही. वाचताना एकदम पटतं हो! पण २०१६ पासून उलटे पेपर, त्यात दुसऱ्या लोकांनी बनवलेले जास्त पॉवरफुल इनहिबिटर एमटीएच१ बंद पाडतात आणि पेशी तरी मजेत वाढतात, क्रिस्परने (जीन कापायचं तंत्र) जीनच उडवलं तरी तेच. मग टीएच५८८ ने मेल्या त्या कशाने? आणि सायआरएनएने (जीन दाबणारा छोटा आरएनए) एमटीएच१ दाबल्यावर मेल्या त्याचं काय?

प्रतिसाद १
टीएच५८८ ट्युब्युलिनलाही चिकटतं (पेशी विभागताना लागणारे मायक्रोट्युब्यूल नावाचे धागे ज्या प्रथिनाचे बनतात ते). मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पेशी गोल होऊन माइटोसिसमध्ये (पेशी विभाजनात) अडकलेल्या दिसतात, मायक्रोट्युब्यूलच्या विषाने होतं तसंच. साधी टेस्ट म्हणजे एमटीएच१ नॉकआउट (जीन उडवलेल्या) पेशींना तेच औषध द्यायचं, त्याच डोसला मेल्या तर टार्गेट दुसरीकडे आहे, विषय संपला. सायआरएनए चुकून भलतेच जीन पण दाबतो, त्यामुळे निव्वळ त्यावर मी तरी पैज लावणार नाही. रेस्क्यू कंट्रोल (एमटीएच१ परत घातल्यावर पेशी वाचतात का ते) आहे का आणि त्यात निष्क्रिय म्युटंट (काम न करणारं एमटीएच१) वापरलाय का हे आधी बघा.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण हेलेडे ग्रुपची बाजू पण सांगा नाहीतर एकतर्फी होईल. टीएच१५७९ (त्यांचाच नंतरचा इनहिबिटर) बद्दल त्यांचं म्हणणं असं की माइटोसिस अडकणं आणि ८-ऑक्सो-डीजीटीपी डीएनएत जाणं दोन्ही मिळून पेशी मारतात. आणि एमटीएच१ नसलेले उंदीर जगतात हे विसरू नका, २००१ च्या पेपरात आहे, फक्त म्हातारपणी फुफ्फुस, लिव्हर आणि पोटात ट्यूमर जास्त होतात. म्हणजे एन्झाइम बिनकामाचं नाही, ते म्युटेशन अडवतं. पण त्याच्यावाचून पेशी लगेच मरते असं नाही, सी समोर बसलेलं ८-ऑक्सोजी (डीएनएतलं ऑक्सिडेशन झालेलं जी) ओजीजी१ हे दुरुस्तीचं एन्झाइम नंतर काढतंच की.

मूळ धागाकर्ती
थँक्यू दोघांनाही! नॉकआउटवाला ग्राफच आधी दाखवते मग. अजून एक, औषध दिल्यावर ८-ऑक्सोजीचं स्टेनिंग वाढलं हा पुरावा धरायचा का?

प्रतिसाद १
एकट्याने नाही. मरणाऱ्या पेशीत आरओएस तसंही वाढतं. नॉकआउटमध्ये औषध न देताच वाढतं का ते बघा.