अम्माचं तोंड आलंय, लाईट (रेडिएशन) चालू आहेत. खायला नक्की काय देऊ?

साखरपेठेतली

नमस्कार. अम्माला गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता सोमवार ते शुक्रवार लाईट आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधाचं सलाईन. पहिले दोन आठवडे काहीच त्रास नाही. शेजारणींना सांगत होती, लोक उगाच भीती घालतात म्हणून. तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. जीभ, गाल, ओठाची आतली बाजू लालभडक, मध्ये मध्ये साल निघाल्यासारखं. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं, म्हणून उशाशी स्टीलचा डबा ठेवून त्यात थुंकते. जन्मभर विड्या वळल्या, मांडीवर सूप आणि तोंडात मिशरी. मिशरी आता बंद केलीय, पण अजून मागते.

वरणभात पातळ करून दिला तरी मीठ झोंबतं म्हणून ताट सरकवते. डॉक्टरांनी गुळण्यांचं औषध आणि एक जेल दिलंय. घरात दोन पार्ट्या झाल्यात. मामा म्हणतो तोंड बरं होईपर्यंत लाईट थांबवा, काकू म्हणते तुरटी नाहीतर हळद लावा. सगळेच "लिक्विड डाएट द्या" म्हणतात. म्हणजे सोलापूरच्या घरात, सकाळी गॅससमोर उभं राहून करायचं काय? यातून गेलेलं कोणी असेल तर सांगा.

जुळेसोलापूरकर

माझ्या मेव्हण्याला किमोच्या वेळी बर्फ चघळायला द्यायचे. चांगला फरक पडला होता. ताक, नारळपाणी पण द्या. काळजी घ्या.

रिटायर्ड जॉबर

पोरी, मी जिभेच्या कॅन्सरचा. आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं आणि खिशात तंबाखूची डबी. माझे लाईट बार्शीला झाले.

आधी मामांचं बघू. लाईट आपल्या मनाने थांबवायचे नाहीत. मध्ये खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना परत वाढायला सवड मिळते. खंड घ्यायचाच असेल तर ते लाईटचे डॉक्टर ठरवतील, मामा नाही आणि मीही नाही. तोंड सांभाळायचं कशासाठी, तर लाईट पुरे व्हावेत म्हणून. एवढं घरात सगळ्यांच्या डोक्यात बसलं की निम्मी भांडणं मिटतात.

तोंडाच्या आतलं अस्तर रोज झिजतं आणि रोज नवीन तयार होतं. लाईट आणि किमो भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात, त्यात हे बिचारं अस्तरही सापडतं. कांडी संपली आणि माग तसाच चालू राहिला तर कापडात फट पडणारच की. म्हणून पहिले दोन आठवडे काही वाटत नाही, जुनं अस्तर पुरतं. आणि एक आत्ताच सांगून ठेवतो, लाईट संपल्या दिवशी तोंड बरं होत नाही. पुढचा आठवडा-दोन आठवडे उलट वाढल्यासारखं वाटतं, मग उतार पडतो. माझ्या घरच्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं, शेवटचा लाईट झाला म्हणून पेढे आणले आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपलेलो.

आता गुळण्या. एक लिटर पाणी उकळून कोमट करायचं, त्यात चहाच्या चमच्याने एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. खायचा, कपडे धुवायचा नव्हे. रोज ताजं करायचं. जागेपणी दर दोन तासांनी, आणि प्रत्येक खाण्यानंतर. खळाखळा नाही, तोंडात घोळवून सोडून द्यायचं. अम्मा म्हणेल झोंबतं, तर मीठ कमी कर, पण गुळणी चुकवू नको. बाजारातली झणझणीत माउथवॉश, ज्यात अल्कोहोल असतं, ती घरात ठेवूच नको. तुरटी-हळदीचं काकूंना प्रेमाने नाही सांग. त्या जागी कातडं उरलेलं नाही, तिथं काही चोळायचं नसतं. ब्रश लहान मुलांचा, कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेला. कवळी असेल तर काढून ठेव. आणि मिशरी मागितली तर एकदाही "जाऊ दे, एवढीशीच" करू नको, तंबाखूने तोंडही चिघळतं आणि लाईटचा गुणही कमी येतो.

दुखण्याची गोळी जेवणाआधी अर्धा तास. लोक उलटं करतात, आधी खायला बसवतात, पेशंट रडतो, मग गोळी. तोवर त्याने ताट सोडलेलं असतं. मला पुढे मॉर्फिन लागलं. नाव ऐकून बायको घाबरली, आता व्यसन लागणार म्हणून. तसं काही झालं नाही, दुखणं गेलं तशी डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने बंद केली. पोट मात्र घट्ट होतं, त्याचं औषध सोबत मागून घे.

आता गॅससमोरचं. ज्याने "लिक्विड डाएट" काढलं त्याने सोलापुरात कधी पंगत बघितली नसावी. आपल्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाहिजे, आणि इथं चमचाभर वरण झोंबतंय. माझ्या बायकोने हे केलं: शेंगापोळी मिक्सरमध्ये कोमट दुधाबरोबर अगदी गंधासारखी फिरवायची, वर चमचाभर तूप, मग गाळणीतून चमच्याने दाबून काढायची. गाळणीत जो चोथा राहतो तो परत थोड्या दुधात फिरवून परत गाळायचा, कारण एक कण जरी राहिला तरी तो बरोब्बर जखमेवर जाऊन बसतो. शेंगदाणा, गूळ, दूध, तूप, एका पेल्यात पोटाला आधार. वेलदोडा, सुंठ काही नाही. दुसरं, हुलग्याचं माडगं, पण आलं-मिरी न घालता, सपक, गुळाचं. तिसरं, ज्वारीच्या कण्या रात्री भिजवून लोण्यासारख्या शिजवायच्या आणि दुधात फिरवायच्या. अंडं चालत असेल तर पूर्ण शिजवून मगच मिक्सरला, कच्चं अजिबात नाही. सगळं कोमट किंवा गार, वाफाळतं नाही. जुळेसोलापूरकर, ताकाचं म्हणालात, पण आपल्याकडचं आंबट ताक मला ॲसिडसारखं लागायचं. संत्रं, टोमॅटो, लिंबू त्याच रांगेतले.

एवढं करूनही वजन उतरत गेलं तर नाकातून नळी घालतात. नळी म्हटलं की पाव्हणे लगेच "आता काय खरं नाही" अशा तोंडाने बघतात. मला तर नळीनेच वाचवलं. तेच माडगं, तेच दूध, फडक्यातून गाळून सिरिंजने हळूहळू सोडायचं, तोंडाला सुट्टी. नळी असली तरी दिवसातून पाण्याचे घोट गिळत राहायचं, गिळायची सवय मोडू द्यायची नाही. डॉक्टर नळीचं बोलले तर अम्माला आधी तूच समजावून सांग, पाव्हण्यांच्या तोंडून कळायच्या आत.

बार्शी ७० किलोमीटर. एसटीत खिडकीची गरम हवा तोंडात गेली की घसा पार सुकायचा. ओला रुमाल नाकातोंडावर आणि हातात पाण्याची बाटली, दर थोड्या वेळाने एक घोट.

साखरपेठेतली

काका, रडायला आलं वाचून. शेंगापोळी आज करते, घरात आहेच.

दोन गोष्टी राहिल्या. मध दिला तर चालेल का, अम्माला शुगर आहे. आणि कालपासून जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसतोय. रात्री फार दुखलं तर अंगदुखीची गोळी मेडिकलमधून आणून देऊ का?

वॉर्डातली सिस्टर (निवृत्त)

ताई, गोळी आणू नका. सिस्प्लॅटिनचा भार किडनीवर पडतो. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या वरून पडल्या तर किडनी आणखी दुखावते. रात्री दुखतंय हे डॉक्टरांना सांगा, ते चालणारं औषध देतील. याच कारणासाठी पोटात पाणी जाणं फार महत्त्वाचं. लघवी कमी झाली, गडद झाली, किंवा दिवसभर घोटही उतरला नाही तर उद्याच्या लाईटची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.

पांढरा थर बुरशीचा असू शकतो, लाईटमुळे जखमेवर येणारी साय पण तशीच दिसते. घरी खरवडून बघू नका. उद्या टॉर्चने दाखवा. बुरशी असेल तर त्याचं वेगळं औषध असतं, नुसत्या सोड्याच्या गुळण्यांनी जात नाही.

मधाने लाईटच्या पेशंटना थोडा आराम पडतो, हे खरं आहे, पण तुमच्या अम्माला शुगर आहे, शिवाय लाळ कमी झालेल्या तोंडात साखर राहिली की दात लवकर किडतात. विचारल्याशिवाय नको. काकांची गुळाची शेंगापोळी आणि गुळाचं माडगंही त्यात आलं बरं का! काका, रागावू नका. गूळ काढून करा, आणि शुगर घरी मोजत राहा. खाणं कमी-जास्त होतंय, त्यामुळे शुगरच्या गोळीचा डोसही विचारून घ्या.

बर्फाचं: ५-एफयू नावाचं किमोचं इंजेक्शन पटकन शिरेतून देतात, तेव्हा आधी पाच मिनिटं आणि पुढे अर्धा तास तोंडात बर्फ ठेवला तर उपयोग होतो. थंडीने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथं कमी पोचतं. लाईटच्या जखमांना त्याने अटकाव होत नाही. नुसतं बरं वाटतं म्हणून गार पाणी घेतलं तर हरकत नाही.

जेल बधिर करणारं असेल तर थोडंच लावा. तोंड बधिर असताना घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि गालही चावला जातो, म्हणून ताठ बसवून हळूहळू भरवा. आणि थर्मामीटर उशाशी ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर रात्रीचे दोन असले तरी दवाखाना गाठायचा. किमोने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि उघड्या तोंडातून जंतू थेट रक्तात जातात. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघणं नको.

साखरपेठेतली

डॉक्टरांना दाखवलं, बुरशीच निघाली, औषध सुरू केलं. दुखण्याची गोळी पण बदलून दिली. शेंगदाणा-दूध बिनगुळाचं केलं. पेला संपवला, वर "गूळ का नाही घातलास" म्हणून मला बोलली. मामा आज स्वतः लाईटला घेऊन गेला. काका, अजून एक. तोंड पूर्वीएवढं उघडत नाही, चमचा आडवा करावा लागतो. हे दुखण्यामुळे आहे ना?

रिटायर्ड जॉबर

सिस्टर, रागावतो कशाला, मला शुगर नव्हती म्हणून गूळ सुचला.

पोरी, थोडं दुखण्यामुळे, पण गालाचं ऑपरेशन आणि त्यावर लाईट म्हणजे जबडा आखडतोच. त्याचा व्यायाम असतो. आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये ठेवायच्या आणि सवय होईल तशी एकेक वाढवायची. आत्ता जखमा ओल्या आहेत, म्हणून कधीपासून आणि किती काड्या हे डॉक्टरांना विचारूनच सुरू कर. पण विचार उद्याच, कारण एकदा जबडा घट्ट झाला की सोडवायला फार वेळ जातो. काड्या मेडिकलमध्ये शोधत बसू नको, स्टेशनरीच्या दुकानात पोरांच्या क्राफ्टच्या म्हणून माग. रंगीत नको, साध्या घे.