घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी: उशिरा बोलणाऱ्या मुलाशी कोणत्या भाषेत बोलावे?

खानापूरची आई (प्रश्न)

नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका गावात राहतो. माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. दीड वर्ष उलटून गेल्यावर तो चालू लागला आणि अजूनही त्याच्या तोंडी मोजकेच शब्द आहेत. आई, बाबा, भाकरीला 'बाक', आणि शेजारच्या घरातून उचललेले कन्नड 'बा' (ये) आणि 'बेडा' (नको). सांगितलेले त्याला बरेचसे कळते. चप्पल आण म्हटले की आणतो. पण 'आबांची चप्पल आण आणि दाराशी ठेव' असे दोन गोष्टी जोडून सांगितले की नुसता उभा राहतो. काही हवे असले की माझे बोट धरून फडताळापर्यंत नेतो आणि मला लवकर उमगले नाही तर जमिनीवर लोळण घेतो.

घरात आम्ही मराठी बोलतो, अंगणवाडीत आणि गल्लीत कन्नड चालते, आणि येत्या जूनमध्ये त्याला ज्या शाळेत घालायचे ठरते आहे ती इंग्रजी माध्यमाची आहे. ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी सांगितले की तीन भाषांमुळे मूल गोंधळले आहे, तेव्हा घरात एकच भाषा ठेवा, आणि शाळा इंग्रजी असल्यामुळे ती इंग्रजीच असू द्या. माझे इंग्रजी 'कम, सिट, ईट' यापुढे जात नाही. यजमान उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत, ते रात्री उशिरा घरी येतात. सासूबाईंना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही आणि त्यांचे म्हणणे असे की ह्याचा बाप पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, उगाच दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवू नका.

मुलाशी मराठीत बोलणे खरोखरच बंद करावे का? आणि सुरुवात नेमकी कुठून करावी? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे.

वाचा-उपचारक, टिळकवाडी

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: मराठी बंद करू नका. दोन किंवा तीन भाषा कानांवर पडल्यामुळे मुलाचा वाचाविकास खुंटतो, या समजाला संशोधनाचा आधार नाही. ज्या मुलांना मुळातच भाषा शिकायला जड जाते, तीदेखील आपल्या कुवतीप्रमाणे दोन भाषा शिकू शकतात, आणि एक भाषा काढून घेतल्याने दुसरी लवकर येते असे दिसलेले नाही. उलट, ज्या आईला इंग्रजीत तीनच शब्द येतात तिने इंग्रजीतच बोलायचे ठरवले, तर दिवसभरात मुलाच्या कानांवर पडणारे बोलणे आटते, आणि आज त्याला सर्वांत जास्त गरज त्याचीच आहे. लाड, रागावणे, गोष्ट सांगणे, आंघोळीच्या वेळची बडबड हे सारे ज्या भाषेत सहज येते तीच भाषा तुम्ही वापरा. मुलाचे शब्द मोजतानाही सर्व भाषांतले एकत्र मोजायचे असतात. 'बा' आणि 'बेडा' हे त्याचेच शब्द आहेत, ते गाळू नका.

आता सुरुवातीविषयी. सर्वांत आधी श्रवणचाचणी करून घ्या. मागून टाळी वाजवली की मूल वळते, म्हणून कान चांगले आहेत असे पालक मला रोज सांगतात. परंतु टाळीचा मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही 'स', 'त', 'क' यांसारखे बारीक ध्वनी नीट ऐकू येत नसण्याची शक्यता असते. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते आणि ऐकू येणे कमी-जास्त होत राहते, हेही या वयात बरेच आढळते. लहान मुलांसाठी 'ओएई' (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) आणि 'बेरा' (आवाजाचे संकेत मेंदूकडे पोहोचतात का हे पाहणारी) या चाचण्या करतात. त्यांत मुलाने उत्तर देण्याची गरज नसते. 'बेरा' तर मूल झोपेत असताना करतात, त्यामुळे आदल्या रात्री थोडे उशिरा झोपवून सकाळी लवकर उठवायला सांगतात.

दुसरे असे की चालणेही उशिरा आणि बोलणेही उशिरा असेल, तर प्रश्न केवळ वाचेचा आहे असे धरून चालू नये. पाच वर्षांखालील मूल विकासाच्या दोन किंवा अधिक अंगांत लक्षणीय मागे असेल, तर त्याला सार्वत्रिक विकास-विलंब म्हणतात, आणि त्याची तपासणी विकासविषयक बालरोगतज्ज्ञांकडून व्हायला हवी. थायरॉइड आणि रक्तातील लोह यांच्या तपासण्या बहुधा त्यातच होतात. बोट धरून वस्तूपर्यंत नेणे हे मी मुद्दाम टिपून ठेवते. तो लांबची वस्तू बोटाने दाखवतो का, हाक मारल्यावर वळतो का, विमान दिसले की तुमच्याकडे बघून पुन्हा वर बघतो का, हे आठवडाभर पाहून लिहून ठेवा आणि तपासणीच्या वेळी सांगा. आधी येत असलेले शब्द नाहीसे झाले असतील, तर मात्र आठवडाभरही थांबू नका.

सासूबाईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. उशिरा बोलणे काही घराण्यांत चालत आलेले असते आणि त्यांतली बरीच मुले पुढे बरोबरीला येतात. पण कोणती येतील आणि कोणती येणार नाहीत हे घरी बसून ओळखता येत नाही, म्हणूनच वडील उशिरा बोलले असतील तर मुलाची तपासणी लवकर करावी असे आम्ही सांगतो. वेखंड उगाळून चाटवण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. तो उपचार नव्हे, आणि अती झाले तर उलट्या होतात. जीभ चिकटलेली असल्याचे कारणही लोक पुढे करतात. त्यामुळे क्वचित काही उच्चार बिघडतात, पण शब्दच येत नसतील तर कारण तिथे शोधू नये.

उपचारक कन्नड बोलणारा मिळाला तरी चालेल. लक्ष देणे, आळीपाळीने करणे, अनुकरण करणे यांचा पाया एकाच भाषेचा नसतो, मात्र घरी करायचा सराव मराठीत करा. शिकवणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, एवढे जरूर विचारा. म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरातील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था 1965 पासून हेच काम करते आहे. सविस्तर तपासणीसाठी एकदा तिथे जाणे पुष्कळांना उपयोगी पडते.

निपाणीचा बाबा

वरील बहुतेक सर्व मान्य. एका बाबतीत मी थोडे वेगळे सांगेन. मराठी सोडू नका हे खरेच, परंतु म्हणून तीनही भाषांचे ओझे एकाच वेळी द्यायची गरज नाही. आमच्या मुलीला (आता ती सात वर्षांची आहे) आम्ही इंग्रजी माध्यमात घातले नाही. घरी मराठी आणि शाळेत मराठीच. कन्नड तिला गल्लीतून येते आहे, शिवाय कर्नाटकात 2015 च्या कायद्यामुळे प्रत्येक शाळेत कन्नड शिकवतातच, तेव्हा ती मागे राहणार नाही. इंग्रजीला अजून वेळ आहे. नातेवाइकांनी नाके मुरडली, पण वर्गात बाईंनी सांगितलेले मुलीला कळते, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटले. तुमचे इंग्रजी शाळेचे शुल्क भरून झाले नसेल, तर एकदा फेरविचार करावा.

बाकी मला कागदपत्रांविषयी सांगायचे आहे, कारण त्यात सीमाभागातील माणूस हमखास अडकतो. पहिली पायरी अंगणवाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे आणि त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. विकास-विलंबही त्यात येतो. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणे अपेक्षित असते. अंगणवाडीच्या टीचरना सांगून मुलाचे नाव आधीच नोंदवून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा, कारण मूल गप्प बसले की पथकाला ते 'शांत मूल' वाटते. पुढील तपासणीसाठी लेखी शिफारस मागून घ्या, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी नव्याने सर्व सांगत बसावे लागत नाही.

2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि वाचा व भाषेचे दिव्यांगत्व, स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक दिव्यांगत्व हे त्यांत स्वतंत्रपणे येतात. तपासणीनंतर डॉक्टरांनी सुचवले, तर यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करण्यात कमीपणा मानू नका. लहान मुलांना बहुधा ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळते, ते पुढे पुन्हा तपासले जाते, त्यामुळे कायमचा शिक्का बसेल ही भीती अनाठायी आहे. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास 6 ते 18 या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे ओळखपत्र देशभर चालते. आम्ही उपचारांसाठी कोल्हापूरला जातो आणि कागद मात्र कर्नाटकाचे आहेत, तरी आजवर अडचण आली नाही. राज्याचे दिव्यांगांसाठीचे मासिक अर्थसाहाय्य तेवढे रहिवासाप्रमाणेच मिळते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विमा योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो आणि त्यात उपचारपद्धतींचाही समावेश आहे. मात्र ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठीच आहे, नुसत्या वाचा-विलंबासाठी नाही. कार्यालयातील अर्ज कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्या, विशेषतः नावाचे स्पेलिंग. आधारवर एक आणि दाखल्यावर दुसरे असले की पुढे सगळेच अडते.

शहापूरच्या आज्जी

मी मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि माझ्या नातीलाही असाच विलंब होता. सूनबाई धारवाडकडची, तिची भाषा कन्नड, माझी मराठी. आम्ही दोघींनी आपापली भाषा सोडली नाही आणि मुलीने दोघींनाही सांभाळून घेतले.

तुमच्या सासूबाईंविषयी सुचवते. त्यांना 'तुमचे चुकते' असे सांगू नका, त्यांना काम द्या. मूल दिवसभर त्यांच्याजवळच असणार. मी भाकरी थापताना नातीला परातीशेजारी बसवत असे. 'थाप, थाप' म्हणत हात चालवायचा आणि मध्येच थांबायचे. ती आधी माझ्या हाताकडे बघे, मग तोंडाकडे बघे, आणि बऱ्याच वेळाने 'ताप' असे काहीतरी म्हणे. तसे म्हटले की लगेच हात पुन्हा सुरू. 'नीट म्हण' असे एकदाही म्हणायचे नाही. तिने 'बाकई' म्हटले तर मी 'हो, गरम भाकरी' एवढेच म्हणे. उपचार करणाऱ्या बाईंनी शिकवलेली ही रीत आमच्या पिढीला सहज जमते, कारण त्यासाठी वेगळे बसावे लागत नाही. कठीण जाते ते थांबणे. मुलाने बोट धरून फडताळापाशी नेले की आपण लगेच डबा काढून देतो. त्याऐवजी 'लाडू हवा की शेंगदाणे?' असे विचारून दोन्ही समोर धरावे आणि त्याला वेळ द्यावा. त्याने बोटाने दाखवले तरी ते उत्तरच समजावे. खुणांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही असे मलाही वाटत होते, पण तसे होत नाही हे मला पटवून देण्यात आले आणि पुढे दिसलेही.

मोबाइल मात्र जेवताना हातात देऊ नका. बालरोगतज्ज्ञ दोन वर्षांपर्यंत अजिबात नको आणि पाच वर्षांपर्यंत फार तर एक तास म्हणतात. आमच्या घरी सर्वांत जास्त कटकट मुलीने नव्हे, तिच्या आजोबांनी केली.

खानापूरची आई

सर्वांचे मनापासून आभार. आज्जींचे उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवले. शेवटच्या वाक्यावर त्या हसल्या आणि तपासणीला स्वतः येते म्हणाल्या. शाळेविषयी यजमानांशी अजून बोलणे व्हायचे आहे, तो विषय सोपा नाही. एक शंका राहिली आहे. मुलाला सध्या सर्दी आहे आणि नाक वाहते आहे. अशा स्थितीत श्रवणचाचणी करावी की थांबावे?

वाचा-उपचारक, टिळकवाडी

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना कान दाखवा. पडद्यामागे पाणी किंवा कानात मळ असेल, तर चाचणीचा निकाल त्यामुळे बदलू शकतो. म्हणून आधी त्यावर उपचार करून मग 'बेरा' करायची की आताच करून नंतर पुन्हा पडताळायची, हे ते ठरवतील. सर्दी वरचेवर होते का, रात्री तोंड उघडे ठेवून झोपतो का, घोरतो का, हेही त्यांना सांगा. सर्दी जाण्याची वाट पाहत महिने जाऊ देऊ नका, या मोसमात आपल्याकडे ती एक गेली की दुसरी येते. बोटाने दाखवण्याविषयीची टिपणे मात्र आजपासूनच सुरू करा.