मदत हवी आहे: रात्री माझ्या प्रोग्रामला कोण मारतंय? (उबुंटू, केळीचं चेंबर)

राम राम मंडळी. सावद्याजवळ आमचं केळीचं रायपनिंग चेंबर आहे, म्हणजे केळी पिकवायची जागा, चार खोल्यांची. ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू लिनक्स 22.04 आहे आणि त्यावर मी पायथनमध्ये लिहिलेला एक प्रोग्राम चालतो. सेन्सरकडून तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड वाचायचं, इथिलीन (केळी पिकवायचा वायू) सोडल्यापासूनचे तास मोजायचे, खोलीची हवा बदलायची वेळ झाली की भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. दिवसा बिनतक्रार चालतो. रात्री कधीतरी मरतो.

क्रॅश होत नाही, हे नक्की. सिस्टमडीची सर्व्हिस (सिस्टमच मागे चालवते तो प्रोग्राम) म्हणून चालवतो आणि जर्नलमध्ये, म्हणजे तिच्या नोंदवहीत, दरवेळी एकच ओळ सापडते: मुख्य प्रोसेस संपली, कोड किल्ड, स्टेटस 9. म्हणजे कोणीतरी 9 नंबरचा, सक्तीने बंद पाडणारा सिग्नल पाठवतंय. आठ दिवसांत चारदा झालं: रात्री 1:40, 11:55, 2:20 आणि 12:35. वेळेचा काही मेळ लागत नाही.

आतापर्यंत काय पाहिलं ते सांगतो, म्हणजे तेच तेच परत नको. मशीन रिस्टार्ट झालेलं नाही, अपटाइम 23 दिवस. रॅम 8 जीबी, निम्मी मोकळी असते. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) मेमरी संपल्याची ओळ नाही, जर्नलमध्ये सिस्टमडी-ऊमडीने (मेमरी कमी पडली की प्रोसेस मारणारा) कोणाला मारल्याची नोंद नाही. क्रॉनटॅब (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी) रूटचा पाहिला, यूजरचाही पाहिला. प्रोग्राममध्ये सिग्नल पकडून फाइलमध्ये लिहायची सोय केली. 15 नंबर ("आता थांब" सांगणारा सिग्नल) पकडला जातो, टेस्ट केलं. 9 पकडताच येत नाही. मरणाऱ्याला तोंड उघडायलाही मिळत नाही, मग तक्रार कोण नोंदवणार?

मागच्या आठवड्यात 3 नंबरच्या खोलीत भोंगा वाजलाच नाही. सकाळी दार उघडलं तर आत कोंदट, वरच्या क्रेटमधल्या फण्या पिवळ्या आणि खालच्या हिरव्यागार. कार्बन डायऑक्साइड साचला की केळी पिकायची थांबते, हे इकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. व्यापाऱ्याने भाव पाडला. वडील म्हणाले, "तुझ्या कॉम्प्युटरपेक्षा रात्रीचा गडी बरा होता."

तर प्रश्न असा: सिग्नल कोणत्या प्रोसेसने पाठवला, हे सकाळी कळेल अशी काही सोय लिनक्समध्ये आहे का? (कमांड मराठीतच लिहितोय, मोबाईलवर कीबोर्ड बदलायचा कंटाळा आलाय. समजून घ्या.)

भरीतपुरी: काय चाली ऱ्हायनं भाऊ! सर्व्हिस फाइलमध्ये रिस्टार्ट ऑलवेज टाका आणि झोपा निवांत. मेला तर परत उठेल.

धागाकर्ता: उठेल हो, पण इथिलीनचे तास शून्यापासून मोजेल. ते फाइलमध्ये ठेवायला हवेत, ती माझी चूक, मान्य. पण मारतंय कोण ते कळल्याशिवाय झोप लागणार नाही.

नंदुरबारी मिरची: एसट्रेस (प्रोसेस काय करते ते ओळीओळीने दाखवणारी कमांड) लावून पाहिलं का? चालू प्रोसेसला तिच्या नंबरने चिकटवता येतं. उबुंटूवर सुडो (रूटचा अधिकार) लागेल, नाहीतर परवानगी नाही म्हणेल.

धागाकर्ता: ताई, काल रात्री लावलं. शेवटची ओळ मिळाली: सिगकिलने (म्हणजे 9 नेच) मारलं. कोणी, ते नाही. गंमत म्हणजे मी स्वतः 15 पाठवून पाहिला तेव्हा पाठवणाऱ्याचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) आणि यूआयडी (यूजरचा नंबर) दोन्ही दाखवले त्याने.

तापीकाठ: 15 आणि 9 मधला हा फरक असणारच. 15 प्रोसेसच्या हातात पडतो, त्यासोबत पाठवणाऱ्याची माहिती येते आणि एसट्रेस ती वाचतो. 9 प्रोसेसपर्यंत पोचतच नाही, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, परस्पर कारभार आटोपतो. त्यामुळे मेलेल्याच्या बाजूने बघून उपयोग नाही. मारणाऱ्याच्या बाजूने बघा. सिग्नल पाठवायला त्याला कर्नलकडेच जावं लागतं, किल नावाच्या सिस्टम कॉलने. त्या दारावर पहारा बसवा.

दोन रस्ते आहेत. पहिला कर्नलमध्येच असतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. ट्रेसिंगच्या डिरेक्टरीत सिग्नल जनरेट नावाचा इव्हेंट चालू करायचा आणि फिल्टरमध्ये सिग 9 टाकायचं. ओळीत डावीकडे पाठवणाऱ्याचं नाव आणि पीआयडी येतो, उजवीकडे ज्याला पाठवला त्याचा. पण ते सगळं मेमरीतल्या बफरमध्ये असतं. रात्री लाइट गेली तर नोंदही गेली, आणि तुमच्याकडे लाइटचं काय सांगावं.

म्हणून मी दुसरा सुचवेन: ऑडिटडी, सिस्टम कॉलच्या नोंदी डिस्कवर ठेवणारा. उबुंटूवर आधीपासून नसतं, टाकावं लागेल. किल, टीकिल आणि टीजीकिल या कॉलवर नियम लावा. किलला दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये 9 अशी अट घाला. मोजणी शून्यापासून असल्याने तिथे ए1 लिहायचं. टीजीकिलला सिग्नल तिसऱ्या जागी असतो, म्हणून त्याचा नियम वेगळा. नियमाला एक की (ओळखीचं नाव) द्या, सकाळी त्याच कीने ऑसर्च (ऑडिटच्या नोंदी शोधायची कमांड) करा, आय पर्याय लावून, म्हणजे आकडे आणि हेक्स वाचता येतील असे दिसतात.

याच्या जोडीला एक्झेकव्हीईवरही नियम लावाच. नवीन प्रोसेस जन्मते दोन पायऱ्यांत: आधी फोर्क होऊन आईची नक्कल तयार होते, मग एक्झेकव्हीई होऊन त्यात दुसरा प्रोग्राम भरला जातो. दुसऱ्या पायरीची नोंद असली की कोण कोणत्या आर्ग्युमेंटसह सुरू झालं ते कळतं. नुसत्या किलच्या नोंदीतून तुम्हाला मारणाऱ्याचा पीआयडी आणि त्याच्या आईचा पीपीआयडी मिळेल, पण सकाळपर्यंत दोघंही संपलेले असतील. मग नंबर घेऊन कोणाच्या दारात जाणार?

धागाकर्ता: दादा, दंडवत. आज रात्री लावतो.

धागाकर्ता (दुसऱ्या दिवशी): फजिती झाली. प्रोग्राम 1:05 ला मेला, पण सकाळी 8 ला ऑसर्चमध्ये 1:05 ची नोंदच नाही. सगळ्यात जुनी नोंद पहाटे 4 ची.

तापीकाठ: लॉग फिरला. ऑडिटडी सहसा 8 एमबीच्या पाच फाइल ठेवतो आणि मग सगळ्यात जुनी टाकून देतो. पण एका रात्रीत 40 एमबी भरले म्हणजे मशीनवर कोणीतरी प्रोसेस पेरतंय. एक्झेकव्हीईच्या नोंदींमध्ये कोणाचं नाव जास्त दिसतं?

धागाकर्ता: स्लीप आणि कॅट! हजारोंनी. वजनकाट्याचा प्रोग्राम याच मशीनवर आहे. तो दुसऱ्याने बसवलाय, मी कधी त्यात डोकावलो नव्हतो. त्याची एक शेल स्क्रिप्ट सेकंदा-सेकंदाला कॅट चालवते, मग स्लीप, मग परत कॅट. वर्षभर हे चालू आहे आणि मला पत्ता नाही.

तापीकाठ: फाइलचा आकार 100 एमबी करा. आजची रात्र निघेल.

धागाकर्ता (तिसऱ्या दिवशी): सापडला!!

रात्री 12:48. किलच्या नोंदीत मारणारा पीकिल (नावावरून प्रोसेस शोधून मारणारी कमांड), मेलेला पायथन3. त्याच पीआयडीची एक्झेकव्हीईची नोंद काढली, तर आर्ग्युमेंट अशी: पीकिल, उणे 9, उणे एफ, पायथन. पीपीआयडी घेऊन एक पायरी वर गेलो, तर एक शेल स्क्रिप्ट, नाव काटा रिस्टार्ट. तिच्या वर डेस्कटॉप. म्हणजे क्रॉन नाही, कर्नल नाही, कोणीतरी माऊसने डबल क्लिक केलंय.

रात्रपाळीच्या गड्याला विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, गाडी काट्यावर उभी राहते आणि आकडा हलत नाही, मग मी ते पिवळं चित्र दाबतो. बसवून गेले त्यांनीच सांगितलं होतं, अडकलं की दाब." केळीच्या गाड्या रात्री कधीही येतात, म्हणून वेळेचा मेळ लागत नव्हता. काट्याचा प्रोग्रामही पायथनमध्येच आहे. उणे एफ लावलं की पीकिल अख्खी कमांड लाइन तपासतो, आणि ज्यात पायथन दिसेल त्याला उडवतो. दोन्ही प्रोग्राम एकाच यूजरने चालवत असल्यामुळे परवानगीही आडवी आली नाही.

काटा बसवणाऱ्याला फोन केला. म्हणे, सगळीकडे असंच देतो, आजवर कोणाची तक्रार नाही.

नंदुरबारी मिरची: कशी येणार? ज्याचा प्रोग्राम मरतो तो बिचारा आपल्याच कोडमध्ये बग शोधत बसतो.

तापीकाठ: त्यांच्या स्क्रिप्टला हात लावत बसू नका, पुढच्या अपडेटला परत तेच येईल. तुमच्या सर्व्हिसला वेगळा यूजर द्या. मग पीकिलला कर्नलच नाही म्हणेल. सेन्सर सीरियल पोर्टवर असेल तर नवीन यूजरला डायलआउट ग्रुपमध्ये (त्या पोर्टची परवानगी असलेला गट) टाकायला विसरू नका. आणि एक्झेकव्हीईचा नियम आता काढा. किलचा राहू द्या, तो काही जागा खात नाही.

धागाकर्ता: केलं. डायलआउट विसरलोच होतो, तुमचा मेसेज वाचून टाकलं. इथिलीनचे तास आता दर मिनिटाला फाइलमध्ये लिहितो. मग स्वतः जाऊन पिवळं चित्र चारदा दाबलं. काटा उठला-बसला, माझा प्रोग्राम जागचा हलला नाही.

भरीतपुरी: म्हणजे शेवटी रात्रीचा गडीच निघाला की! वडिलांना सांगितलं का?

धागाकर्ता: सांगितलं. म्हणाले, त्याला काही बोलू नको, रात्रभर काटा तोच चालू ठेवतो.