मदत हवी आहे: ऑटोक्रॉससाठी जुन्या एमएक्स-५ला कोणते शॉक घ्यावेत?

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी,

गाडी मझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १.६ लिटर. वापर मुख्यतः ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानात कोन्समधून वेळ लावून गाडी चालवण्याची स्पर्धा), अधूनमधून रस्त्यावर. माझ्या वर्गाच्या नियमांप्रमाणे शॉक बदलता येतात आणि पुढचा किंवा मागचा असा एकच अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) बदलता येतो. स्प्रिंगा मूळच्याच हव्यात, गाडीची उंचीही मूळचीच. टायर रस्त्यावर चालणारे, पण चांगल्या पकडीचे आहेत.

सध्याचे शॉक गाडीइतकेच जुने असावेत. स्लॅलममध्ये (ओळीतल्या कोन्सना आलटून-पालटून वळसा घालताना) पहिले दोन कोन्स ठीक जातात, तिसऱ्यापासून स्टीअरिंग एकीकडे आणि बॉडी अजून दुसरीकडेच कललेली. ब्रेक सोडला की नाक वर येऊन पुन्हा एकदा डुलतं. उजवीकडच्या मागच्या शॉकवर तेलाचा ओला पट्टा आहे.

डोळ्यांसमोर तीन पर्याय आहेत: कोनी यलो, बिलस्टीनचे न जुळवता येणारे मोनोट्यूब (एकाच नळीचे), किंवा बम्प (शॉक दबताना होणारा विरोध) आणि रिबाउंड (शॉक लांबताना होणारा विरोध) दोन्ही वेगवेगळे जुळवता येणारे शॉक. कोणते घ्यावेत आणि किती कडक ठेवावेत?

---

पाना_१७

ओला पट्टा दिसतोय म्हणजे तो शॉक संपला. शॉक जोडीने बदलायचे असतात, आणि या वयाच्या गाडीत चारही एकदम बदला.

पण खरेदीआधी गाडी उचलून बाकीचं तपासा, नाहीतर नवे शॉक लावूनही गाडी ढिलीच वाटेल. चाक वर-खाली धरून हलवा: खटखट आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवा: खेळ असेल तर टाय रॉडचं टोक. कंट्रोल आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशांना पहारीने हलका जोर देऊन बघा, रबर फाटलेलं किंवा नळीपासून सुटलेलं असेल तर ब्रेक लावताना चाकाचा कोन बदलत राहतो. अँटी-रोल बारच्या लिंकही बघा. त्यात खेळ असेल तर स्टीअरिंग फिरवल्यावर पहिला क्षणभर बार काहीच काम करत नाही, आणि ते लक्षण हुबेहूब गेलेल्या शॉकसारखं वाटतं.

बॉनेट दाबून सोडायच्या चाचणीवर विसंबू नका. त्यात फक्त पूर्ण मेलेला शॉक सापडतो. अर्धवट दमलेला पास होतो.

---

डॅम्पिंग_गणित

स्प्रिंग मूळचीच राहणार असेल तर "किती कडक" याचं उत्तर हिशेबाने बरंच जवळ आणता येतं. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गाडीचे मोजून घाला.

समजा पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक-हब-ब्रेकचं वजन वजा करून, २१० किलो भार आहे. चाकापाशी मोजलेला स्प्रिंग रेट १५ न्यूटन प्रति मिलिमीटर. मग त्या कोपऱ्याची नैसर्गिक वारंवारता सुमारे १.३५ हर्ट्झ येते. क्रिटिकल डॅम्पिंग (बॉडी अजिबात न डुलता जागेवर येईल एवढा विरोध) म्हणजे २ गुणिले (वस्तुमान × रेट) चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३,५५० न्यूटन-सेकंद प्रति मीटर.

आता यातलं किती हवं? क्रिटिकलच्या ३० टक्के डॅम्पिंग असेल तर बॉडी आपली जागा ओलांडून सुमारे ३७ टक्के पुढे जाते आणि मग परतते. ६५ टक्क्यांना हेच ओलांडणं सुमारे ७ टक्क्यांवर येतं. आरामाच्या गाड्या २०-३० टक्क्यांच्या आसपास असतात. ऑटोक्रॉससाठी ६५-७० टक्के हा सुरुवातीचा चांगला आकडा आहे. १०० टक्क्यांकडे जाऊन फायदा नाही, कारण तिथे बॉडी जागेवर यायलाच उशीर लावते आणि लहानसहान उंचवट्यांवर टायरची पकड सुटते.

६५ टक्के म्हणजे चाकापाशी २,३१०. पण शॉक चाकापाशी बसलेला नसतो. डबल विशबोनमध्ये (चाक वर आणि खाली अशा दोन आर्मवर धरणाऱ्या रचनेत) तो आर्मवर आत बसतो. चाक १० मिमी हललं की शॉक ७ मिमी हलतो असं धरलं, तर ०.७ च्या वर्गाने, म्हणजे ०.४९ ने भागायचं. शॉकपाशी ४,७१० येतात. शॉकचा वेग ०.०५ मीटर प्रति सेकंद असताना सरासरी सुमारे २३५ न्यूटन. रिबाउंड आणि बम्प २:१ वाटले तर रिबाउंडला ३१५ आणि बम्पला १५५ च्या आसपास.

हा ०.०५ वेग मुद्दाम घेतलाय. बॉडी कलणं, नाक दबणं, मागचा भाग बसणं हे सगळं साधारण ०.१ मीटर प्रति सेकंदाच्या खाली घडतं. खड्डे आणि रस्त्यातले सांधे त्याच्या वर. ऑटोक्रॉसची वेळ कमी होते ती या खालच्या पट्ट्यात, म्हणून विक्रेत्याकडून शॉकच्या वेगाप्रमाणे बळ दाखवणारा आलेख मागाल तेव्हा ०.३ वरचा एकच आकडा घेऊन समाधान मानू नका. ०.०५ आणि ०.१ ला किती बळ आहे ते विचारा. वरच्या वेगाला आलेख सपाट होत गेला तर उत्तम. तिथे तो तसाच चढत राहिला तर प्रत्येक सांध्यावर चाक उडेल.

स्लॅलमचाही हिशेब बघा. कोन्स २० मीटरवर आणि वेग ताशी ६० किमी असेल तर दोन कोन्समध्ये १.२ सेकंद मिळतात. तेवढ्यात बॉडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाऊन स्थिर व्हायला हवी. ती आधीच्या कोनचंच डुलणं पूर्ण करत असेल तर प्रत्येक कोनला उशीर साचत जातो. तुमचं तिसऱ्या कोनचं लक्षण हेच आहे.

---

सरळ_रेषा

वरचा हिशेब पटला. आता पर्यायांकडे.

कोनी यलो ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) आहे आणि त्यात फक्त रिबाउंड जुळवता येतो, बम्प ठरलेला असतो. मऊ मूळ स्प्रिंगांबरोबर ही मर्यादा फार नडत नाही. बॉडीला आवर घालायचं बरंचसं काम रिबाउंडच करतो. रस्त्यावर मऊ, मैदानात कडक, असं काही क्षणांत बदलता येतं.

बिलस्टीन मोनोट्यूब आहे. पिस्टन मोठा, तेल आणि वायू वेगळे, त्यामुळे तेलात फेस होत नाही आणि दिशा बदलताना प्रतिसाद ताबडतोब मिळतो. उणीव एकच: व्हॉल्व्हिंग (आतल्या झडपांची जुळवणी) जसं आलं तसं. मात्र तो उघडून पुन्हा व्हॉल्व्ह करता येतो, आणि ज्याला डायनोची (शॉकचं बळ मोजणाऱ्या यंत्राची) सोय आहे त्याच्यासाठी माझ्या मते हाच सर्वांत चांगला मार्ग. चार वेळा नॉब फिरवण्यापेक्षा एकदा बरोबर व्हॉल्व्ह केलेला शॉक बरा.

दोन्ही जुळवता येणारे शॉक तुमच्यासाठी सध्या नकोत. पुढे-मागे मिळून चार सेटिंग होतात, प्रत्येकाला दहा-बारा क्लिक. दिवसाला मोजक्या फेऱ्या मिळत असताना त्यात हरवायला वेळ लागत नाही. शिवाय स्वस्तातल्या अनेक शॉकमध्ये एक नॉब फिरवला की दुसरंही बदलतं.

---

डॅम्पिंग_गणित

@सरळ_रेषा, मोनोट्यूबबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. आतल्या वायूचा दाब रॉडला सतत बाहेर ढकलतो. रॉड १२ मिमी आणि दाब २० बार धरला तर हे बळ सुमारे २२५ न्यूटन होतं. वरच्या नमुन्याच्या गाडीत त्याने पुढची उंची जवळजवळ १० मिमी वाढते. उंचीवर नियम असलेल्या वर्गात हे आधी तपासावं, आणि अलाइनमेंट तर पुन्हा करावीच लागते.

आणि पुन्हा व्हॉल्व्ह करण्याचा सल्ला ज्याची स्प्रिंग आणि बार पक्के ठरलेत त्यालाच. धागाकर्त्यांचा बार अजून ठरलेला नाही. जाड बार लावला की बॉडी कलण्याला विरोध वाढतो, पण डॅम्पिंग तेवढंच राहतं. म्हणजे कलण्याच्या हालचालीत ६५ टक्क्यांचे ५०-५५ टक्के होऊ शकतात. म्हणून आधी बार, मग शॉकचा अंतिम कडकपणा. या परिस्थितीत जुळवता येणारा रिबाउंडच हवा. माझं मत कोनी.

---

तिसरा_गिअर

सर्वांचे मनापासून आभार. कोनीकडे कल झालाय. आणखी तीन प्रश्न:
१. वापरलेले मिळत आहेत. घ्यावेत का?
२. बम्प स्टॉप (शॉक पूर्ण दबत आला की टेकणारे ठोकळे) कापावेत असं एकाने सुचवलं. खरं का?
३. बार पुढचा बदलू की मागचा?

---

पाना_१७

१. घ्यायचे तर हातात घेऊन तपासून. शॉक उभा धरून रॉड पूर्ण आत-बाहेर चार-पाच वेळा चालवा, त्याने साठवणीत आत शिरलेली हवा निघते. मग सावकाश दाबा आणि ओढा. दिशा बदलताना जरासुद्धा रिकामा टप्पा लागला, जिथे विरोधच नाही, तर तो नको. जुळवणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून प्रत्येक वेळी ओढून बघा, फरक हाताला कळायला हवा. डावा-उजवा सारखे लागायला हवेत. रॉडवर नखाला अडेल असा ओरखडा असेल तर सील फार काळ टिकणार नाही.

२. कापू नका! या गाडीत शॉकला दबायला मिळणारी जागा मुळातच कमी आहे, जोरात वळताना बाहेरचं चाक बम्प स्टॉपला टेकतंच. म्हणजे तो स्प्रिंगचाच भाग आहे. कापला तर उरलेला तुकडा अचानक आणि फार कडक लागतो: पुढे झालं तर गाडी एकदम सरळ जायला बघते, मागे झालं तर एकदम गरकन फिरते. जुना स्टॉप हाताने चुरगळला की भुगा होतो, तो बदलून नवा, हळूहळू कडक होत जाणारा फोमचा लावा. किती दबतो ते कळायला रॉडवर एक झिपटाय (प्लॅस्टिकची बांधपट्टी) ढकलली तर सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत आवळून अडकवा. फेरीनंतर ती जिथे सरकलेली असेल तिथपर्यंत शॉक गेला होता.

बसवताना काय चुकतं ते इथेच सांगतो.

स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर, आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. दाबलेल्या स्प्रिंगच्या टोकासमोर तोंड नेऊ नका. रॉडचा नट इम्पॅक्ट गनने फिरवू नका: रॉड गरगर फिरतो, सील खराब होतं, आतला पिस्टनचा नटही सैल होऊ शकतो. रॉड पक्कडीने धरणं तर अजिबात नाही, वरच्या टोकाला धरायची सोय असते ती वापरा. कोनीच्या नळीवर स्प्रिंगच्या बशीसाठी एकाहून जास्त खाचा असतील तर मूळ उंची देणारी निवडा, आणि चारही शॉकची खाच दोनदा बघा.

सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट: खालचा बोल्ट आणि आर्मचे बुश सैल केले असतील तर ते गाडी चाकांवर उभी असताना, तिच्या खऱ्या उंचीवर, टॉर्क रेंचने आवळा. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, उंची चुकते आणि बुश लवकर फाटतात. सुरुवात करण्यापूर्वी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंचं लिहून ठेवा.

---

सरळ_रेषा

३. पुढचा. या गाडीत वळणातून बाहेर पडताना मागचं आतलं चाक हलकं होऊन फिरतं. पुढचा बार जाड केला की पुढची आतली बाजू जास्त हलकी होते आणि मागच्या आतल्या चाकावर भार राहतो. मागचा बार जाड केल्याने नेमकं उलटं होईल.

आता सेटिंग. नॉब पूर्ण मऊ टोकाला न्या आणि नेहमी त्याच टोकापासून मोजा. टोकाला जोर लावू नका, जुळवणी तुटते. चारही शॉक अर्ध्या फेऱ्यावर ठेवून सुरू करा. टायरचा दाब ठरवून घ्या आणि त्या दिवशी त्याला हात लावू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

मग पुढच्या दोन्हींना पाव-पाव फेरा वाढवा. स्लॅलममध्ये बॉडी लगेच स्थिर व्हायला लागेल. वाढवत गेलात की एका टप्प्यानंतर पुढचा भाग खडबडीत जागी थरथरत बाहेर सरकू लागेल. त्या टप्प्याच्या पाव फेरा मागे थांबा. मग मागचे, तसेच.

जास्त रिबाउंडचा धोका वेगळा आहे. चाक खाली यायला वेळ लागतो, तेवढ्यात पुढचा उंचवटा येतो. असे तीन-चार लागोपाठ आले की गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी बम्प स्टॉपवर चालते. पुष्कळांना त्या वेळी "गाडी अजून मऊच आहे" असं वाटतं आणि ते आणखी कडक करतात. झिपटाय इथे खरं सांगते.

लक्षणांवरून हात कुठे घालायचा:
वळणात शिरतानाच पुढचा भाग ऐकत नाही, पण वळणाच्या मध्यावर ठीक आहे, तर पुढचा थोडा मऊ करा. मध्यावरही ऐकत नसेल तर शॉकचा दोष नाही, बार, टायरचा दाब आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बघा. स्थिर वळणात शॉक काहीच करत नाही, कारण तो फक्त हालचालीला विरोध करतो.
ॲक्सिलरेटर दाबताच पुढचा भाग बाहेर ओढला जातो, तर पुढचा रिबाउंड जास्त आहे. पुढच्या टायरवरचा भार तो फार झटकन काढून घेतोय.
स्लॅलमच्या शेवटी मागचा भाग झोकांड्या खातो, तर मागचा पाव फेरा मऊ.

प्रत्येक बदलानंतर एकदा जुन्या सेटिंगवर परत जाऊन खात्री करा. दिवसभरात मैदान गरम होतं, जमिनीवर टायरचं रबर बसतं, वेळ आपोआप सुधारते, आणि श्रेय चुकीच्या नॉबला जातं. पावसात चारही पाव ते अर्धा फेरा मऊ करा, रस्त्यावर जाताना पूर्ण मऊच्या जवळ आणा.

---

तिसरा_गिअर

कोनी यलो, पुढचा जाड बार, नवे फोम स्टॉप आणि बारच्या लिंक, एवढी यादी झाली. बुश आधी तपासतो. पहिल्या दिवसानंतर झिपटाय कुठे सरकली ते मोजून इथेच लिहीन. एक शंका उरली: बार बसवला की रिबाउंडची सुरुवात अर्ध्या फेऱ्यावरूनच करू की वरून?

---

डॅम्पिंग_गणित

पुढे पाऊण, मागे अर्धा. बारमुळे कलण्याच्या हालचालीत जे डॅम्पिंग कमी पडतं ते फक्त पुढेच भरून काढायचं आहे. लिहाल तेव्हा प्रत्येक चाकाचं माप वेगळं द्या, डाव्या-उजव्यात ५ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर सेटिंगच्या आधी कोपऱ्यांची उंची बघावी लागेल.