जुन्या पेट्रोल गाडीतले इंजिन ऑइल कमी होते, पण गळती कुठेच दिसत नाही

कोयनाकाठ

नमस्कार. माझ्याकडे 2007 सालची, चार सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी आहे. ती सुमारे 1,35,000 किलोमीटर चालली असून, पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर ही दोन्ही कामे उरकून घेतलेली असल्यामुळे ती आणखी काही वर्षे वापरण्याचा माझा विचार आहे. अडचण अशी की, सर्व्हिसिंगच्या वेळी वरच्या खुणेपर्यंत भरलेले ऑइल साधारण 1,500 किलोमीटरमध्ये खालच्या खुणेला येते. गाडी उभी असते तिथल्या फरशीवर एकही थेंब नसतो, कूलंटची पातळी जागची हलत नाही आणि पिकअपही फारसा कमी झालेला नाही.

गाडी एरवी कराडातल्या कराडात फिरते. अधूनमधून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाणे होते. गावात फिरताना ऑइल कमी झाल्याचे जवळजवळ जाणवत नाही आणि चिपळूणची फेरी झाली की डिपस्टिकवर पातळी एकदम उतरलेली दिसते, हे मला चमत्कारिक वाटते. मागच्या वेळी घाट उतरून पोफळीजवळ वेग घेताना गाडीमागे निळसर धुराचा लोट निघाला, असे मागून येणाऱ्या मेहुण्यांनी सांगितले. पुढे चिपळूणपर्यंत मात्र त्यांना धूर दिसला नाही.

गॅरेजमधल्या मेस्त्रींनी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहिले आणि पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, हाफ इंजिन (इंजिन उघडून रिंगा बदलण्याचे काम) करावे लागेल, 40,000 रुपयांच्या आसपास खर्च येईल, असे सांगितले. गाडीची आजची किंमत पाहता हा खर्च जिवावर येतो. इंजिन उघडण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासून घ्याव्यात, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पाना_दहाचा

सायलेन्सरच्या तोंडातल्या काजळीवरून हाफ इंजिनचा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण धुराची जी वेळ सांगितली आहे, तीच सर्वांत महत्त्वाची खूण आहे. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असते आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसतो; अशा वेळी थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद असल्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सीले कडक झालेली असतील, तर हेडमधले (इंजिनाच्या वरच्या भागातले) ऑइल त्या फटीतून खाली ओढले जाते. घाट संपल्यावर आपण ॲक्सिलरेटर दाबता, तेव्हा ते साठलेले ऑइल एकदम जळते आणि निळा धूर निघून जातो. मुख्य रिंगा खरोखर झिजल्या असत्या, तर धूर चढावर, इंजिनावर भार असताना आणि सतत दिसला असता. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या स्टार्टला क्षणभर निळा धूर येतो का, हेही पाहावे, कारण तेही व्हॉल्व्ह सीलचेच लक्षण आहे. थंडीतला पांढरा धूर, जो इंजिन तापल्यावर नाहीसा होतो, तो निव्वळ वाफेचा असतो. त्याकडे दुर्लक्ष करावे.

अर्थात, पिस्टनवरची सर्वांत खालची ऑइल रिंग कार्बनने चिकटून बसली असली तरीही उतारानंतर असाच धूर येऊ शकतो, म्हणून एवढ्यावर शिक्कामोर्तब करता येणार नाही. चारही प्लग काढून, कोणता कुठल्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवून ओळीने मांडावेत. टोकाशी ओलसर, तुकतुकीत काळा थर असेल तर त्या सिलिंडरमध्ये ऑइल जळत आहे. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर दोष पेट्रोलच्या मिश्रणात आहे. प्लगचे आटे आणि पोर्सिलीनचा वरचा भाग ऑइलने माखलेला, पण टोक स्वच्छ असेल, तर टॅपेट कव्हरखालची (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखालची) प्लगच्या नळीची सीले गेली आहेत आणि ऑइल जळत नसून वरच्या वर प्लगच्या खड्ड्यात साचत आहे. कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजण्याची चाचणी) गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून करावी. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आल्यास त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजली आहे, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. मात्र चारही आकडे उत्तम आले म्हणून ऑइल रिंग निर्दोष ठरत नाही, कारण दाब धरून ठेवण्याचे काम वरच्या दोन रिंगांचे असते.

या सगळ्याच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासावा. इंजिनाच्या पोटात साठणारे वायू हा व्हॉल्व्ह इनटेककडे नेतो. तो उघडा अडकला तर वायूबरोबर ऑइलही ओढून नेतो आणि बंद अडकला तर आतला दाब वाढून चांगली सीलेसुद्धा पाझरू लागतात. बहुतेक गाड्यांमध्ये तो टॅपेट कव्हरवर असतो. काढून कानाशी हलवला असता आतली गोळी खुळखुळली पाहिजे. हा भाग स्वस्त आहे आणि नेमका तोच तपासायचा राहून जातो.

गावात ऑइल कमी न होता लांबच्या फेरीत एकदम उतरते, यातही चमत्कार काही नाही. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे न जळलेले थोडे पेट्रोल आणि बाष्प ऑइलमध्ये मिसळत राहते व डिपस्टिकवरची पातळी खोटी टिकून दिसते. घाटात इंजिन चांगले तापले की ती भेसळ उडून जाते आणि इतक्या दिवसांची घट एकाच वेळी नजरेस येते.

सह्याद्री_शेवरॉन

जुन्या गाडीवर एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा ऑइल भरत राहणे परवडते, असे मला वाटते. खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक धरला, तर आपली गाडी 1,500 किलोमीटरला सुमारे एक लिटर ऑइल खाते. काही उत्पादक आपल्या पुस्तिकेत 1,000 किलोमीटरमागे अर्धा लिटर, तर काही त्याहूनही अधिक घट स्वीकारार्ह मानतात. सध्या 5डब्ल्यू-30 वापरत असाल, तर त्याहून जाड 10डब्ल्यू-40 वापरून पाहावे. आपल्याकडच्या हवामानात थंडीत स्टार्टिंगची अडचण येत नाही. एक लिटरचा डबा डिकीत ठेवावा आणि निर्धास्त फिरावे.

टॅपेट_कव्हर

वरच्या सल्ल्यातील जाड ऑइलचा भाग मला तात्पुरता म्हणून मान्य आहे, फक्त गाडीच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात ती श्रेणी दिलेली असली पाहिजे. 'निर्धास्त' या शब्दाला मात्र माझी हरकत आहे. डॅशबोर्डवरचा ऑइलच्या किटलीचा लाल दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. तो लागेपर्यंत वाट पाहिली, तर पंप हवा ओढू लागलेला असतो आणि बेअरिंगला इजा होऊन गेलेली असते. शिवाय, जळालेल्या ऑइलमधले फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या भागावर) थर धरते व तो हळूहळू निकामी होतो. तसे झाले की पीयूसीच्या तपासणीत हायड्रोकार्बनचा आकडा चढतो, आणि नवा कन्व्हर्टर व्हॉल्व्ह सीलच्या कामापेक्षा कितीतरी महाग पडतो.

प्रश्नकर्त्यांना एक सूचना करावीशी वाटते. फरशी कोरडी आहे म्हणून गळती नाही, असे समजू नये. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपणारे ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडून तिथेच जळते; त्याचा करपट वास सिग्नलला थांबल्यावर एसीच्या हवेतून आत येतो. काही गळती इंजिन चालू असताना, दाबाखालीच होते. ऑइल प्रेशर स्विच आणि फिल्टरचे बूड या तिच्या ठरलेल्या जागा. इंजिन एकदा डीग्रीझरने धुऊन, कोरडे करून, 100 ते 200 किलोमीटर चालवावे आणि मग टॉर्च घेऊन वरून खाली पाहत यावे. वाऱ्यामुळे ऑइल मागे आणि खाली पसरते, म्हणून सर्वांत ओली जागा ही गळतीची जागा असेलच असे नाही. ओलाव्याचा सर्वांत वरचा आणि पुढचा काठ शोधावा.

मोजमापही शिस्तीत व्हावे. सपाट जागी, इंजिन बंद करून निदान दहा मिनिटे थांबून, डिपस्टिक एकदा पुसून मगच पातळी वाचावी. नवा फिल्टर बसवल्यावर इंजिन एकदा सुरू केले की फिल्टर बरेचसे ऑइल स्वतःत भरून घेतो आणि पातळी तेवढी खाली जाते. गॅरेजमध्ये ही दुसरी तपासणी झाली नाही, तर ऑइल पहिल्या दिवसापासूनच कमी असते. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणेही नको, त्याने फेस होतो आणि घट आणखी वाढते.

कोयनाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये, आपण सुचवलेल्या क्रमाने तपासणी करून घेतली. पीसीव्ही व्हॉल्व्ह उघडा अडकलेला निघाला, तो बदलला. चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांपेक्षा कमी फरक आला. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग टोकाशी ओला आणि काळा होता, बाकीचे तपकिरी व कोरडे होते. तेव्हा व्हॉल्व्ह सीले बदलायचे ठरवले.

हे काम हेड न उतरवताही होते, हे मला ठाऊक नव्हते. मेस्त्रींनी प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी सिलिंडरमध्ये सोडली, क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणला आणि दोरीच्या गुंडाळ्यावर व्हॉल्व्ह टेकवून ठेवले. मग स्प्रिंग दाबून लॉक काढले. जुनी सीले पकडीने ओढताच त्यांच्या कडांचे तुकडे पडले. रबराचा लवचिकपणा त्यांत उरलाच नव्हता. मजुरी आणि सामान धरून सांगितलेल्या खर्चाच्या पाव हिश्श्याहून कमी खर्च आला.

त्यानंतर कुंभार्ली उतरताना मेहुण्यांनी मुद्दाम मागे राहून पाहिले. धूर दिसला नाही. घट अजून आहे, पण आता 1,500 किलोमीटरला पाव लिटरच्या आसपास आहे. ही उरलेली घट थांबवण्यासाठी इंजिन फ्लश (रसायन घालून इंजिन आतून धुणे) करून घ्यावे का?

पाना_दहाचा

एवढ्या वयाच्या इंजिनात पाव लिटर ही घट मुळीच चिंताजनक नाही. तिच्यामागे लागू नये. फ्लशच्या मी विरोधात आहे. वर्षानुवर्षांचा गाळ एकाएकी सुटला, तर तो पंपाच्या जाळीत जाऊन बसतो आणि मग ऑइल भरलेले असूनही दाब मिळत नाही. ऑइल रिंग थोडी चिकटलेली असल्यास, ऑइल 10,000 ऐवजी 5,000 किलोमीटरला बदलत राहावे. चांगल्या ऑइलमधली डिटर्जंट द्रव्ये तो कार्बन सावकाश सोडवतात, अर्थात प्रत्येक वेळी गुण येईलच असे नाही. श्रेणी पुस्तिकेतलीच ठेवावी, जाड ऑइलची आता गरज नाही. पुढच्या ऑइल बदलाला तिसऱ्या सिलिंडरचा प्लग पुन्हा काढून पाहावा आणि तो तपकिरी व कोरडा असेल, तर हाफ इंजिनचा विषय बंद करावा.