सोलच्या नॅशनल थिएटरमध्ये पूर्ण पान्सोरी: वडिलांना न्यावं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये आईबाबा आमच्याकडे कोरियात, सोलजवळच्या सुवॉनला येताहेत. राजवाडे, सोलमधल्या नामसान टेकडीवरचा टॉवर वगैरे ठरलेलंच आहे. पण बाबांनी उभी हयात कीर्तनाला पखवाजाची साथ केली आहे. मी त्यांना फोनवर पान्सोरीचा, म्हणजे कोरियन कथागायनाचा, एक तुकडा दाखवला आणि तेव्हापासून त्यांनी लकडाच लावलाय, "हे मला समोर बसून ऐकायचंय." चटईवर उभी असलेली गायिका, तिच्या हातात पंखा, बाजूला एकच ढोलवाला, बस्स. बाबांचं सगळं लक्ष त्या ढोलवाल्याकडे. गाणारीचा श्वास संपता संपता तो दाद कशी टाकतो, हे त्यांनी तीनतीनदा मागे नेऊन पाहिलं.

नामसानच्या नॅशनल थिएटरमध्ये 'वानचांग पान्सोरी' नावाची मालिका १९८४ पासून चालते. हंगामात महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी एकच गायक एक अख्खी कथा गातो. कुठली कथा आहे त्यावर तीन तास ते सात-आठ तास! बाबा पंच्याहत्तरीकडे झुकलेत, गुडघे कुरकुरतात. आई तर टीव्ही मालिकेचा एक भागही सलग बघत नाही. कोरियन दोघांनाही शून्य, इंग्रजी बाबांना वाचता येतं.

त्याच थिएटरच्या चांगुक (पान्सोरीवरचं संगीतनाटक) मंडळीचा एखादा प्रयोग बघणं सोयीचं पडेल का? की सोचो भागातल्या गुगाक सेंटरला, म्हणजे पारंपरिक कोरियन संगीताच्या केंद्रात, न्यावं? आणि नामसानचा तो चढ म्हाताऱ्या माणसांना जमतो का? कुणी गेलं असेल तर कृपया सांगा. पर्यटनाच्या याद्या देऊ नका, त्या वाचून झाल्यात.

— सुवॉनकरीण

ढोलकीबाज:
सोलमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. गुगाक सेंटर ही वेगळी संस्था आहे, नदीच्या दक्षिणेला. तिथे दरबारी संगीत, नाच, पान्सोरीचा एखादा प्रसंग असं मिश्र ताट एका बैठकीत मिळतं. आईंसाठी तेच बरं.

चांगुक म्हणजे तीच गायकी, पण पात्रं वाटून घेतलेली. नेपथ्य, वाद्यवृंद, समूहगान, सगळं असतं. नॅशनल थिएटरची ही मंडळी १९६२ सालची. हल्ली ते धाडसी प्रयोग करतात. २०१६ मध्ये सिंगापूरच्या ओंग केंग सेन यांनी त्यांच्याकडून ग्रीक 'ट्रोजन विमेन' बसवून घेतलं होतं. बहुतेक प्रयोगांना इंग्रजी उपशीर्षकं असतात. डोळ्यांना मेजवानी, पण तुमच्या वडिलांना जे हवंय ते तिथे पातळ होतं. ढोलवाला वाद्यवृंदात हरवतो.

त्यांना वानचांगलाच न्या. त्या ढोलाला बुक म्हणतात आणि वाजवणाऱ्याला गोसू. डाव्या हाताचा पंजा कातड्यावर, उजव्या हातात काठी. सगळ्यात विलंबित जिनयांगजो, सहा-सहा मात्रांचे चार खंड. मग बारा मात्रांची जुंगमोरी, आणि प्रसंग तापला की जाजिनमोरी. बाबांना ठेका धरायला भाषा लागणार नाही. आणि दाद फक्त गोसूच देतो असं नाही, प्रेक्षकही "ओल्सिगू!" म्हणून ओरडतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या आजीबाई इतक्या जोरात ओरडल्या की मी दचकलो.

गोष्टीवेल्हाळ:
कथा कुठली लागली आहे ते आधी बघा, सगळं त्यावर आहे. पूर्ण गायल्या जाणाऱ्या कथा आज पाचच उरल्यात. 'चुनह्यांगा' सगळ्यात लांब, 'सिमचोंगा' रडवणारी. 'जोकब्योका' चिनी युद्धकथा, नवख्या माणसाने टाळावी.

'सुगुंगा' लागली असेल तर डोळे मिटून तिकीट काढा! समुद्राचा राजा आजारी पडतो, औषध म्हणून सशाचं काळीज, म्हणजे यकृत, हवं. कासव सशाला फसवून पाताळात आणतं, आणि ससा म्हणतो, काळीज तर मी घरीच ठेवून आलो. ओळखीचं वाटलं ना? आपल्या पंचतंत्रातलं वानर आणि मगर. बौद्ध जातकांबरोबर ही गोष्ट तिकडे गेली असं अभ्यासक मानतात. बाबांना गोष्ट आधीच पाठ, म्हणजे उपशीर्षकांची चिंता मिटली. शिवाय ती तुलनेने आटोपशीर, साधारण तीन तासांची. मध्ये मध्यंतर असतं.

सुवॉनकरीण:
वानर-मगर! बाबांना आत्ताच कळवते, आज झोपणार नाहीत. आणि चढाचं?

पायपीट:
पायी अजिबात नेऊ नका. मेट्रोच्या तीन नंबर लाइनवर दोंगुक युनिव्हर्सिटी स्टेशन, तिथून सहा नंबरच्या दाराने बाहेर. प्रयोगाच्या दिवशी तिथून थिएटरची शटल बस सुटते का आणि किती वाजता, ते थिएटरच्या संकेतस्थळावर बघून ठेवा. ती चुकली तर नामसानची बस आहे, टी-मनी हे प्रवासाचं कार्ड चालतं. टॅक्सीही फार महाग पडणार नाही. रस्ता शोधायला नावेर मॅप वापरा.

तिकीट तुमच्या कोरियन कार्डावरच काढा, भारतातल्या कार्डाने प्रयत्न करत बसू नका. ज्येष्ठांना सवलत असते. परदेशी पासपोर्टवर लागू होते का, ते फोन करून विचारा. आणि कडेची जागा घ्या, म्हणजे बाबांना पाय लांब करता येतील.

ढोलकीबाज:
कडेची, पण गोसू ज्या बाजूला बसतो तिकडची. नाहीतर बाबा तीन तास मान वाकडी करून बसतील.

सुवॉनकरीण:
ठरलं. 'सुगुंगा' असेल तर बाबा आणि मी वानचांगला, आई आणि नवरा त्या दुपारी बाजारात. दुसरी कथा असेल तर मध्यंतरापर्यंत बसू आणि मग बाबांनाच विचारू. आईसाठी गुगाक सेंटरचा एक दिवस वेगळा ठेवते. ऑक्टोबरचा कार्यक्रम बघून इथेच लिहिते.