मदत हवी आहे: सासऱ्यांना कुष्ठरोग, मुलांची जीन टेस्ट पुण्यात कुठे होते?

मृण्मयी_२२: सासऱ्यांचा रिपोर्ट आला, कुष्ठरोगच आहे. मुलं रात्री त्यांच्याच कुशीत झोपतात. नेटवर वाचलं की प्रतिकारशक्तीचे एचएलए, एनओडी-टू असले काही जीन असतात, ते ज्यांचे तसे असतात त्यांनाच हा होतो, मग मुलांत ते आलेत का हे आत्ताच बघायला हवं ना? लॅब आणि खर्च सांगा. नुसतं "घाबरू नका" लिहू नका प्लीज.

सह्यकडा: गोळ्या सुरू झाल्या का? चट्टे किती? पाचाच्या वर असतील तर वर्षभर औषध, नाहीतर सहा महिने. मुलं केवढी आहेत?

मृण्मयी_२२: गोळ्या सुरू आहेत, चट्टे पाठभर. मी टेस्टचं विचारतेय.

पेशीवाला: त्या टेस्टने काही हाती लागणार नाही ताई. २००९ साली चीनमध्ये एनओडी-टू आणि अजून काही जीन सापडले, दिल्ली-कोलकात्याच्या पेशंटांत एचएलए आणि टीएलआर-वन हे जीन दिसले. एनओडी-टूमुळे पेशीला जंतू आत शिरल्याचं कळतं, एचएलए त्याचे तुकडे टी पेशींना, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतं, तिथल्या फरकाने शरीर जोरात लढतं किंवा गप्प बसतं. पण एकेका जीनचा वाटा फार छोटा, आणि मुळात ९५ टक्के लोकांना हा रोग होतच नाही.

नानाकाका: जीनबीन सोडा, गुळवेलीचा काढा द्या सगळ्यांना. आमच्याकडे बापलेक दोघांना होता, घराण्यातच असतो तो.

सह्यकडा: काका, काढ्याने हे जंतू मरत नाहीत, आणि एकदा नस गेली की गेली.

नानाकाका: औषध बंद करा असं कुठं म्हटलं मी?

पेशीवाला: काका, बापलेक एका घरातही राहतात ना. १९७३ चा भारतातल्या जुळ्यांचा अभ्यास आहे, एकसारख्या जुळ्यांच्या साधारण ६० टक्के जोड्यांत दोघांना रोग होता, वेगळ्या जुळ्यांत २० टक्के. म्हणजे जीनचा हात आहेच, पण तेच जीन असूनही कितीतरी जोड्यांत एकालाच झाला.

कायदाप्रेमी: २०१९ पासून कुष्ठरोगावरून घटस्फोट मागता येत नाही, लक्षात ठेवा.

मृण्मयी_२२: घटस्फोट कुठून आला मध्येच??

पेशीवाला: जीनचा खरा उपयोग औषधात आहे. एचएलए-बी १३:०१ हा एचएलएचा प्रकार असणाऱ्यांना डॅप्सोनची, म्हणजे कुष्ठरोगाच्या गोळ्यांमधल्या एका औषधाची, भयंकर रिॲक्शन येऊ शकते, चीनमध्ये २०१३ ला सिद्ध झालं. सासऱ्यांना पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताप, पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

सह्यकडा: मुलांची वयं अजून सांगितली नाहीत. अंगावर कुठे डाग?

मृण्मयी_२२: मोठी नऊची, धाकटा चारचा. मोठीच्या दंडावर एक फिकट डाग आहे बरेच महिने, सासूबाई म्हणतात जंतामुळे.

सह्यकडा: अहो हे पहिल्यांदा लिहायचं! लहान मुलांत असे डाग बहुतेक साधेच निघतात, पण घरात पेशंट असताना अंदाज नको. उद्याच सरकारी दवाखान्यात न्या, तिथे डागाला स्पर्श कळतो का ते बघतात. घरातल्या ज्यांना रोग नाही त्यांना तो होऊ नये म्हणून रिफाम्पिसिन या औषधाचा एकच डोस देतात, धाकट्यालाही विचारा.

मृण्मयी_२२: उपाशी न्यायचं का?

सह्यकडा: नाही, जेवूनच न्या. सासऱ्यांचे कागद बरोबर घ्या.